पळीभर तेलाच्या करामती

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात ३९ धडधाकट, सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोज मफिन खायला घातले. हेतू उघड होता: त्यांचं वजन वाढवायचं. मफिन सगळ्यांचे सारखेच, फरक फक्त आतल्या तेलाचा. एका गटाच्या मफिनमध्ये पामतेल, दुसऱ्याच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचं तेल. सात आठवड्यांनी काट्यावर दोन्ही गट बरोबरीत निघाले. सरासरी वाढ १.६ किलो.

मग एमआरआय काढला आणि खरी गंमत दिसली. पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी ठळकपणे वाढली होती. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबीही सूर्यफूलवाल्यांच्या दुप्पट वाढली होती. सूर्यफूलवाल्यांच्या अंगात मात्र स्नायूंसारखा चरबी नसलेला भाग जवळपास तिप्पट वाढला. कॅलरी सारख्या, वजन सारखं, पण आतला हिशेब पार वेगळा. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजनकाट्याला यातलं काहीही कळलं नसतं.

आपण मात्र अजून एकच प्रश्न विचारतो, ‘तेल किती खाता?’ तो विचारायलाच हवा. पण कुठलं तेल, कशाच्या जागी आणि ते अंगात कुठे जाऊन बसलं, हेही विचारायला हवं. मधुमेहाच्या बाबतीत त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा, असं मला ठामपणे वाटतं. पुढची सगळी माहिती त्याच प्रश्नाभोवती फिरते.

रोज हजार कॅलरी जादा

हेलसिंकीच्या संशोधकांनी याहून धीट प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन जरा जास्तच असलेली ३८ माणसं तीन आठवडे नेहमीच्या जेवणावर रोज हजार कॅलरी जादा खात होती. एका गटाला लोणी, चीज आणि खोबरेल. दुसऱ्याला मुख्यतः ऑलिव्ह तेल आणि पेकान नावाचा, अक्रोडाच्या कुळातला सुका मेवा. तिसऱ्याला संत्र्याचा रस, गोड पेयं आणि गोळ्या-चॉकलेटांसारखा खाऊ.

यकृतातली चरबी ऑलिव्ह-मेव्याच्या गटात १५ टक्क्यांनी वाढली, साखरेच्या गटात ३३ टक्क्यांनी आणि लोणी-खोबरेलाच्या गटात तब्बल ५५ टक्क्यांनी! शिवाय या शेवटच्या गटात इन्सुलिनचा प्रभावही घटला. मधुमेहाचं सगळं खापर साखरेच्या डब्यावर फोडायची आपली सवय. तिला हा निकाल चांगलाच हादरा देतो.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. यकृताकडे गरजेपेक्षा जास्त साखर आली की ते तिचीच चरबी बनवायला घेतं. त्या कारखान्यातून बाहेर पडणारा मुख्य माल म्हणजे पामिटिक आम्ल. पामतेलात सर्वाधिक असतं तेच. ताटात तुपाचा थेंब नसला तरी जिलब्यांचा ढीग असेल, तर संपृक्त म्हणजे सॅच्युरेटेड चरबी शरीर घरीच तयार करून घेतं.

आता हे पामिटिक आम्ल नेमकं बिघडवतं काय? इन्सुलिनची तीन मोठी कामं असतात. रक्तातली साखर स्नायूंमध्ये शिरू द्यायची, यकृताला साखर सोडण्यापासून थोपवायचं आणि चरबीच्या पेशींना चरबी धरून ठेवायला लावायचं. पेशीच्या दारावर इन्सुलिन पोहोचतं, पण त्याचा निरोप पुढे आतपर्यंत जावा लागतो. पेशीत सेरामाइड नावाची चरबी साचली, तर ती हा निरोप वाटेतच अडवते. शरीराला सेरामाइड नव्याने बनवायचं असेल तर सुरुवातीचा कच्चा माल म्हणून पामिटिक आम्लच लागतं. हेलसिंकीत लोणी-खोबरेल खाणाऱ्यांच्या रक्तात सेरामाइडं वाढलेली सापडली.

पाच गावांचा एक प्रयोग

कुओपियो, आर्हुस, नेपल्स, वुलोंगाँग आणि उप्साला. फिनलंड, डेन्मार्क, इटली, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडन. या पाच शहरांच्या आद्याक्षरांवरून ‘कानवू’ नावाचा अभ्यास झाला आणि २००१ मध्ये छापून आला. १६२ निरोगी माणसं, तीन महिने. अर्ध्यांच्या आहारात संपृक्त चरबी जास्त, अर्ध्यांच्या आहारात ऑलिव्ह तेलात असते तशी एकअसंपृक्त चरबी जास्त. संपृक्तवाल्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर किती चटकन दाद देतं ते माप, सुमारे दहा टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटाची होती तिथेच राहिली.

पण या अभ्यासातली महत्त्वाची ओळ पुढे आहे. ज्यांच्या एकूण कॅलरींपैकी ३७ टक्क्यांहून जास्त कॅलरी चरबीतून येत होत्या, त्यांच्यात चांगल्या तेलाचा फायदा दिसलाच नाही. दोन हजार कॅलरींच्या आहारात ३७ टक्के म्हणजे साधारण ८२ ग्रॅम चरबी. फोडणी, तूप, दूध, दाण्याचं कूट, खोबरं सगळं धरून. ‘चांगलं तेल आहे, कितीही घाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

चरबी आणि साखरेची ओढाताण

१९६३ साली केंब्रिजमधल्या फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवर काम करून एक मांडणी केली. स्नायूला चरबी आणि साखर दोन्ही इंधनं मिळाली आणि त्याने चरबी जाळायला घेतली, की साखर जाळणं मंदावतं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे ‘रँडल चक्र’ आजही शिकवतात. पुढे येल विद्यापीठातल्या जेरल्ड शुलमन यांच्या गटाने जिवंत माणसाच्या स्नायूत काय चाललंय ते चुंबकीय तंत्राने पाहिलं. अडथळा रँडल म्हणत होते त्याच्याही आधी, साखर पेशीत शिरतानाच येतो, असं त्यांना आढळलं.

आणि रँडलच्याही आधी? हॅरॉल्ड हिम्सवर्थ. लंडनच्या या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात निरोगी तरुणांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले. चरबी भरपूर आणि पिष्टमय पदार्थ कमी असले, की साखर पचवायची ताकद घटायची. पिष्टमय वाढवून चरबी कमी केली, की ती सुधारायची. १९३६ मध्ये त्यांनीच दाखवलं की काही मधुमेही इन्सुलिनला दाद देतात, तर काही देत नाहीत. आज आपण टाइप वन आणि टाइप टू म्हणतो, त्या विभागणीचं मूळ तिथे आहे. इतकं मोठं काम, पण मराठीत त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

याच धाग्यातला आणखी एक थक्क करणारा प्रकार अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात घडला. वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर १९३९ पासून मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळं आणि चक्क साखर असा आहार देत. चरबी जवळजवळ शून्य. त्यांतल्या बऱ्याच मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा भात-साखर खाऊनही उतरली. वजनही घटत होतं, त्यामुळे सगळं श्रेय चरबी कमी केल्याला देता येत नाही. रुग्ण डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली होते, म्हणून हा प्रयोग घरी करून पाहायचा नाही. पण ‘भात म्हणजे मधुमेह’ हे समीकरण किती अर्धवट आहे, ते यातून दिसतं.

अंगात चरबीच नसलेली माणसं

लायपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मीळ विकार आहे. त्याच्या तीव्र प्रकारात त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. माणूस पिळदार दिसतो. अशा माणसाला मधुमेह होणार नाही, असं वाटेल. पण होतो, आणि तोही अतिशय कडक.

कारण असं. त्वचेखालची चरबी ही आपली कणगी आहे. जेवणातून आलेली जादा चरबी तिथे नीट भरून राहते. कणगीच नसेल, किंवा असलेली भरून वाहायला लागली, तर तीच चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन पडते आणि तिथलं कामकाज बिघडवते. बिनचरबीच्या उंदरांमध्ये चरबीच्या पेशींचं रोपण केलं, तेव्हा त्यांचा मधुमेह आटोक्यात आला! पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचं औषधही याच तत्त्वावर चालतं. ते घेणाऱ्यांचं वजन बहुधा थोडं वाढतं, तरी साखर सुधारते, कारण चरबी यकृतातून निघून त्वचेखाली येते.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. रोज मैलोन्मैल पळणाऱ्या खेळाडूंच्या स्नायूंमध्ये मधुमेही माणसाच्या स्नायूंइतकीच चरबी सापडते, तरी त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता उत्तम असते. २००१ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी हे दाखवलं आणि याला ‘खेळाडूंचा विरोधाभास’ असं नावच पडलं. खेळाडूच्या स्नायूतली चरबी रोज जळते आणि रोज नव्याने भरते. ती तिथे पडून राहत नाही.

पुण्यातली गोष्ट, जगभर पोचलेली

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं वजनाला कमी, पोटाचे अवयव आणि स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळपास राखलेली. ‘हडकुळं पण चरबीवालं’ भारतीय बाळ जगाला ठाऊक झालं ते इथून. स्नायू जन्मापासूनच कमी असतील तर साखर खपवायला जागाही कमी, आणि चरबी ‘नॉर्मल’ वजनातच जागा सोडून इकडेतिकडे पसरू लागते. म्हणून युरोपातल्या माणसाला चालून जाईल तेवढं तळण आपल्याला चालेलच असं नाही. ‘मी कुठे जाड आहे?’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद याच फोटोपुढे कोसळतो.

करडईला न्याय मिळायला हवा

सोलापूर आणि मराठवाड्यात रब्बी ज्वारीच्या शेताला करडईचे तास असायचे. काटेरी पीक, त्यामुळे जनावरं आत शिरत नसत. कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि तेल घरचंच. त्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. हे बहुअसंपृक्त आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने १९२९-३० मध्ये बिनचरबीच्या आहारावर उंदीर वाढवले. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खपल्यांची झाली. लिनोलेइक आम्ल दिलं तेव्हा ते बरे झाले. चरबी नुसतं इंधन नाही, तिचे काही प्रकार अन्नातून यावेच लागतात, हे तेव्हा कळलं.

ओहायो स्टेट विद्यापीठाने हेच करडईचं तेल मधुमेह असलेल्या, पाळी थांबलेल्या स्थूल बायकांना रोज ८ ग्रॅम दिलं. आठ ग्रॅम म्हणजे लहान चमच्याने दोन चमचेसुद्धा नाही. १६ आठवड्यांत धडावरची चरबी थोडी कमी झाली, स्नायू थोडे वाढले आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडाही सुधारला. प्रयोग लहान होता, एवढ्यावर करडईला औषध म्हणता येणार नाही. पण समाजमाध्यमांवर बियांच्या तेलांना सरसकट विष ठरवणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. दहा देशांतल्या ३९,७४० माणसांच्या रक्तातलं लिनोलेइक आम्ल मोजून त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांच्यात ते सर्वांत जास्त होतं, त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघालं. २०१७ चा हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्यामुळे कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही. तरी विषाचा आरोप त्यापुढे टिकत नाही.

बाकीच्या तेलांची झटपट हजेरी. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ऑलिव्हसारखीच एकअसंपृक्त चरबी. खोबरेलात सुमारे ९० टक्के संपृक्त. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३, पण बांगड्या-तारल्यांत असतो त्या प्रकारात त्याचं रूपांतर शरीर फारच थोडं करतं. माशांच्या तेलाने रक्तातली ट्रायग्लिसराइडं उतरतात, इन्सुलिनच्या कामात मात्र फारसा फरक पडत नाही. आणि कोकणातलं भिरंडेल? टाचांच्या भेगांवर लावतात ते कोकमाचं तेल संपृक्त असूनही पामतेलाच्या वाटेने जात नाही. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं. शरीर त्यातलं काही ऑलिव्ह तेलातल्या ओलेइक आम्लात बदलून टाकतं.

तुपाचा सम-विषम

तूप हा आपल्याकडे भावनेचा विषय, म्हणून जरा सावकाश. साजूक तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. पण ‘संपृक्त’ हे एका माणसाचं नाव नाही, ते सगळ्या कुटुंबाचं आडनाव. २०१४ मध्ये युरोपातल्या आठ देशांच्या मोठ्या अभ्यासात रक्तातली संपृक्त आम्लं एकेक करून मोजली. कार्बनच्या अणूंची संख्या सम असलेली, म्हणजे १४, १६, १८ वाली आम्लं रक्तात जास्त असलेल्यांना मधुमेह जास्त झाला. विषम, म्हणजे १५ आणि १७ वाली जास्त असलेल्यांना कमी. ही विषम आम्लं मुख्यतः दुधातुपातून येतात. पण १६ वालं पामिटिकही तुपात भरपूर असतं, आणि रक्तातलं पामिटिक यकृताने साखरेपासून बनवलेलंही असू शकतं. तेव्हा वाटीभर तूप ओतायची परवानगी यातून निघत नाही. वरणभातावरच्या चमचाभर तुपाची धास्ती घेण्याचं कारणही दिसत नाही.

भातावर तूप घातलं की साखर हळू चढते, हे खरं आहे. चरबीमुळे जठर सावकाश रिकामं होतं. पण चरबी खूप झाली की पुढची बाजू दिसते. बोस्टनमध्ये टाइप वनच्या रुग्णांना दोन रात्री तेवढेच पिष्टमय पदार्थ असलेलं जेवण दिलं, एका रात्री १० ग्रॅम चरबीचं, दुसऱ्या रात्री ६० ग्रॅमचं. चरबीच्या रात्री ४२ टक्के जास्त इन्सुलिन लागलं, आणि तरीही साखर उशिरापर्यंत वर राहिली. पार्टीनंतर मध्यरात्री साखर का चढते, याचं उत्तर गुलाबजामाइतकंच तंदुरीबरोबरच्या मलईदार रश्श्यातही असतं.

वनस्पती तूप, थोडक्यात

द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं पेटंट विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये घेतलं. १९३० च्या दशकात शिवडीच्या कारखान्यातून वनस्पती तूप निघू लागलं आणि दिवाळीच्या फराळात शिरलं. त्यातल्या ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, हा पुरावा पक्का आहे. इन्सुलिनवरच्या परिणामाबद्दल प्रयोगांचे निकाल एकमुखी नाहीत, पण हृदयासाठी एवढं पुरे. जानेवारी २०२२ पासून भारतात तेला-तुपांत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवणं बंधनकारक आहे. हा आपल्याकडचा सार्वजनिक आरोग्याचा मोठा विजय आहे, आणि त्याची चर्चा हवी तितकी झाली नाही.

एका ग्रॅमहून कमी

न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये टाइप टू मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. पहिल्या सात दिवसांतच उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली आणि यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली. पुढच्या आठवड्यांत स्वादुपिंडातली चरबी घटली आणि इन्सुलिन पुन्हा नीट पाझरू लागलं. त्यांच्या नंतरच्या अभ्यासात स्वादुपिंडातून गेलेली चरबी किती होती? सुमारे ०.६ ग्रॅम. वजन कितीतरी किलो उतरलं होतं, पण इन्सुलिन बनवणाऱ्या अवयवातून एवढीशीच चरबी निघायला हवी होती. ज्यांचा मधुमेह नवा होता त्यांना हा गुण जास्त आला. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर असा आहार डॉक्टरांशिवाय धोक्याचा आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते.

किराणा यादीतला हिशेब

लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज तीस ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार कॅलरींसाठी जे आदर्श ताट मांडलं, त्यात तेला-तुपाला जागा २७ ग्रॅमची. एकाच तेलावर न राहता तेलं बदलून वापरा, असंही ही संस्था सांगते. मग शेंगदाण्याच्या जोडीला करडई आणायला काय हरकत आहे? शिवाय या तीस ग्रॅममध्ये तूप नाही, गाडीवरचा वडा नाही, मिसळीची तर्री नाही. आणि शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, तिळातही तेवढंच, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त. तेव्हा भरल्या वांग्यांच्या मसाल्यात दाणे, तीळ आणि खोबरं तिन्ही पडत असतील, तर त्या दिवशी वरून फोडणीला एक पळी कमी घातली तरी वांग्यांना तवंग येतोच.